जाळीखालची लिली

शिट्टीकाकांना माणसं दिसत नसत, डोकी दिसत. बसमध्ये चढले की आधी डोकी मोजायची, उतरताना पुन्हा मोजायची, आणि आकडा जुळला नाही की मधल्या थांब्यावर कोण उतरलं ते आठवत घरापर्यंत यायचं. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी तेच. एकदा लग्नात नवरा-नवरीबरोबर फोटो काढायला उभे राहिले, तेव्हाही फोटोवाल्याच्या आधी यांनीच मोजून घेतलं आणि कुणाचा तरी मेहुणा दिसत नाही म्हणून सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मेहुणा बाहेर पान खात उभा होता.

आता यात त्यांचा तरी काय दोष? उभं आयुष्य त्यांनी पोहण्याच्या तलावाच्या काठावर, उंच खुर्चीत बसून काढलं होतं. गळ्यात शिट्टी, कपाळावर टोपी, आणि काम एकच. पाण्यात गेलेली डोकी मोजायची आणि वर आलेली पुन्हा मोजायची. पोरांनी त्यांचं खरं नाव कधी विचारलंच नाही. शिट्टीकाका म्हणू लागली, ते पुढे घरच्या पत्त्यापर्यंत चिकटलं. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एकही माणूस बुडाला नाही. पण न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार? निवृत्तीच्या दिवशी चहा झाला, दोन शब्द बोलले लोक, आणि काका शिट्टी खिशात टाकून घरी आले. ती परत द्यायची असते हे त्यांना ठाऊक होतं. कुणी मागितली नाही, यांनी दिली नाही. मागच्या दाराशी खिळा ठोकून तिथे लटकवून ठेवली.

लोकांना वाटतं, पाण्यावर नोकरी करणाऱ्याला पाण्याचं काय भय. साफ चूक. पाण्याला शिट्टीकाकांइतकं घाबरणारा माणूस शोधून सापडला नसता. घरात भरलेली बादली ठेवायची नाही, हा नियम. वापरून झाली की पालथी. "अहो, पाणी गेलं म्हणजे?" असं काकू म्हणायच्या. "जाऊ दे गेलं तर," काका म्हणायचे. लेक लहान होती तेव्हापासूनचं हे. पाणी घोटभर असलं तरी पाणीच, हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा ऐकू आलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असेल.

तर अशा माणसाकडे काकूंनी पाणी मागितलं.

काकू घरीच कपडे दुरुस्त करायच्या. कुणाची चेन बदल, कुणाची पँट आखूड कर, उसवलेलं शिव. मशीन मागच्या खिडकीशी होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधूनमधून सुई सोडून लांब बघत जा. लांब काय, तर मागच्या चिमुकल्या अंगणापलीकडची भिंत आणि तिच्यावरून गेलेला सांडपाण्याचा पाइप. इतकी वर्षं त्या पाइप बघत आल्या होत्या.

"मला तिथे एक टब हवा," त्या एके दिवशी म्हणाल्या. "पाण्याचा. त्यात लिली लावायची, मासे सोडायचे."

"डास होतील."

"मासे खातात ना डासांची अंडी. म्हणून तर मासे."

"कुणी पडलं तर?"

"कोण पडणार? या घरात तुम्ही आणि मी. गुडघ्याएवढ्या टबात मी बुडून मरेन असं वाटतं का तुम्हाला?"

काकांना तसंच वाटत होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मग काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता सांगून टाकलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्यावर बसलात. मला बघायला घरी थोडं असू दे की." त्यांनी आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं, आणि हे काकांना चांगलं माहीत होतं. नाही म्हणायला तोंड उघडेना.

रोपवाटिकेतल्या बाईंनी सगळं नीट सांगितलं. पसरट काळा टब घ्या, अर्धा दिवस ऊन येईल तिथे ठेवा. लिलीचा कंद टबात सरळ लावायचा नाही. आधी उथळ कुंडीत चिकणमाती दाबून भरायची, खत-बित काही नाही, ते वर तरंगतं आणि पाणी नासतं. कंद कुंडीच्या कडेला आडवा, कोंब तेवढा मातीच्या वर. मातीवर बारीक खडीचा थर, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. मग ती कुंडी टबात विटांवर ठेवायची. पानांचे देठ लांबले की एक-एक वीट काढून कुंडी खाली न्यायची. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीची एक जुडी सोडायची. नळाचं पाणी मात्र मासे सोडण्याआधी उघड्यावर राहू द्यायचं, त्यातलं औषध उडून जायला हवं.

"औषध किती असतं ते मला नुसत्या वासावर कळतं," काका म्हणाले. त्या बाईंना वाटलं, बढाई मारताहेत. पण ते खरं होतं, आणि पुढचा घोळ तलावावरच्या या सवयीतूनच झाला.

टब लागला. काकूंनी मशीन खिडकीकडे आणखी थोडं सरकवलं. कोंबातून पहिलं पान वर आलं, तळहाताएवढं, एका बाजूला चीर असलेलं, आणि पाण्यावर पसरलं. गप्पी मासे त्याच्या सावलीत जाऊन उभे राहिले. काकू पँटची शिलाई अर्धवट सोडून बघत बसायच्या. गिऱ्हाईक दारात येऊन हाका मारतंय आणि बाई खिडकीत, असं होऊ लागलं.

आणि मग पाणी हिरवं व्हायला लागलं.

होणारच होतं. नवीन टबाचं पाणी आधी हिरवं होतं, पानं वाढून पाण्यावर सावली पडली की आपोआप निवळतं. रोपवाटिकेतल्या बाईंनी तसं सांगितलंही होतं. पण शिट्टीकाकांना हिरवं पाणी बघवायचं नाही. तलावाचं पाणी हिरवट झालं म्हणजे तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नाही म्हणजे तळाशी कोण आहे ते कळत नाही. या एका भीतीपायी त्यांनी उभी हयात पहाटे जाऊन तलावात पावडर टाकली होती. आता रोज सकाळी ते टबाशी उकिडवे बसायचे, पाण्यात बघायचे, आणि कुंडी दिसेना की आणखी वाकायचे. काय शोधत होते देव जाणे. टबात कुंडी आणि माशांशिवाय असणार कोण?

शेवटी त्यांनी एक चिमूट टाकलीच. ब्लिचिंग पावडरची, मोरीच्या कोनाड्यातली. एवढ्याशा चिमटीने काय होतंय, असा हिशेब. तलावात ते पिशव्याच्या पिशव्या ओतत आले होते, त्यामानाने ही चिमूट म्हणजे काहीच नाही.

सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. कुंडीतली खडी न् खडी दिसत होती. मासे सगळे वर आलेले, पांढरी पोटं आभाळाकडे करून.

काकू दारात आल्या, बघितलं, वाकून पाण्याचा वास घेतला. इतकी वर्षं नवऱ्याच्या कपड्यांना हाच वास होता, त्यांना कळायला वेळ लागला नाही. "तलाव केलात ना त्याचा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभर मशीनचा आवाज नाही, बोलणं नाही, चहाचा कप समोर आदळलेला. काका आयुष्यात इतके खजील कधी झाले नव्हते.

त्यांनी टब उपसला, धुतला, पाणी भरून उघडं ठेवलं. पानं कुजून गेली होती, पण कंद दाबून पाहिला तर टणक लागला. मासे पुन्हा आणले. या वेळी पाणी हिरवं झालं तेव्हा ते दोन्ही हात मांडीखाली दाबून टबाशी बसायचे. खरंच बसायचे, थट्टा नाही. काकूंना खिडकीतून दिसायचं आणि राग असूनही त्यांना हसू यायचं. हळूहळू पानं वाढली, पाण्यावर सावली झाली, आणि एक दिवस पाणी निवळलं, कुणी काही न टाकता.

नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. तिची बदली याच गावी झाली होती. घर मिळालं होतं, आई-बाबांपासून जवळच. "आणि ठकी दिवसभर तुमच्याकडे," ती म्हणाली. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक नात, नुकती दुडूदुडू पळायला लागलेली. काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या लांबून फोनवर बघितलेली पोर आता रोज घरात असणार. आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या, "ये गं. तिला मासे दाखवीन. मागे टब केलाय आम्ही."

पलीकडे लेकीचा सूरच बदलला.

"आई, तो टब आधी काढ."

"अगं, एवढासा तर आहे. आणि बाबा आहेत ना घरात."

"पाणी घोटभर असलं तरी पाणीच. टब असेल तर मी ठकीला पाळणाघरात ठेवीन. खरंच ठेवीन, आई."

फोन स्पीकरवर होता. काका शेजारीच बसले होते. आपलंच वाक्य, आपल्याच सुरात, लेकीच्या तोंडून येताना ऐकलं आणि त्यांना कसंतरीच झालं. "काढतो मी," ते घाईघाईने म्हणाले. "तू ये."

बादली घेऊन ते लगेच मागे गेले. बघतात तर पानाखाली कळी. बोराएवढी, हिरवी, देठ वाकवून वर यायच्या बेतात असलेली. काका बादली हातात घेऊन उभेच राहिले.

"काढा," खिडकीतून काकू म्हणाल्या. "ती पोर घरात हवी मला. टबाचं काय एवढं." आणि मशीनवर वाकल्या. पण मशीन चालू झालं नाही. काका वाट बघत राहिले, मशीन चालू होईना. त्यांनी बादली पालथी घातली आणि चप्पल पायात सरकवून ते गल्लीच्या टोकाला खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरकडे गेले.

जाताना खिशात ठकीची लोकरीची टोपी होती. काकूंनी नातीसाठी विणली होती, पाठवायची राहिलेली.

"या टोपीतलं डोकं जाळीच्या भोकातून जायला नको," त्यांनी वेल्डरला सांगितलं. "पण हात अडकायलाही नको. सहज जावा, सहज यावा. पाणी जाळीच्या खाली बोटभर राहील. आणि चौकट भिंतीत बोल्टने पक्की करायची."

"काका, आतले मासे पळतात म्हणून जाळी, की बाहेरचं कुणी चोरतं म्हणून?" वेल्डरने विचारलं.

काका हसले नाहीत. त्यांनी टोपीत मूठ घालून ती भोकाच्या मापावर पुन्हा पुन्हा धरून पाहिली. वेल्डरने मुकाट्याने माप लहान केलं.

जाळी बसली तेव्हा काका तिच्यावर चक्क पालथे झोपले. सगळं वजन टाकलं. तोंड जाळीवर टेकवलं.

"अहो, काय करताय?" काकूंनी घाबरून विचारलं.

"नाक पाण्याला लागतंय का बघतोय."

नाही लागलं. तरी समाधान नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार सुरू. बोल्ट गंजला तर? पावसाने पाणी वर चढलं तर? त्यांनी टबाच्या कडेला, जाळीच्या पातळीखाली, जास्तीचं पाणी वाहून जायला भोक पाडलं. तरीही प्रश्न संपेनात. एका फुलापायी आपण नातीचा जीव धोक्यात घालतोय का? लेकीला काढतो म्हणालो आणि काढलं नाही, हे खोटंच की. काकूंनाही हेच खात होतं. पण दोघांनी एकमेकांना ते सांगितलं नाही, आणि टब तिथेच राहिला.

लेक आली ती ठकीला कडेवर घेऊन सरळ मागच्या दाराशीच गेली. टब पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, काढतो म्हणाला होतात."

"जाळी बघ तरी. भिंतीत पक्की केलीय. मी स्वतः झोपून पाहिलंय तिच्यावर."

"मला नाही बघायची." तिने मागचं दार लावून वरची कडी घातली. "संध्याकाळी पाळणाघरात जाऊन विचारून येते."

काकूंनी काकांकडे पाहिलं, काकांनी फरशीकडे.

प्रवासातून आलेली पोर, तिला आंघोळ घालायला घेतली. मोरीतून जी किंकाळी आली, ती ऐकून काका दाराशी धावले. काही झालं नव्हतं. डोक्यावरून पाणी घेतलं होतं, इतकंच. ठकी आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून थरथरत होती, आणि लेक तांब्या हातात धरून म्हणत होती, "डोळे मीट, डोळे मीट, नाकात जाईल, हलू नकोस, पडशील." काका दाराबाहेर उभे राहून ऐकत राहिले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. फार वर्षांपूर्वी याच मोरीत, एका लहान मुलीला न्हायला घालताना, तो त्यांचा स्वतःचा होता. मुलीने नुसतं वाक्य उचललं नव्हतं, भीतीही जशीच्या तशी उचलली होती, आणि आता ती पुढे चालली होती.

जेवणं झाली. काकू आणि लेक स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या, बोलणं कशावरून चाललंय ते सांगायला नको. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले आणि सवयीने मोजू लागले. काकू. लेक. आपण.

त्यांनी पुन्हा मोजलं.

मागचं दार अर्धं उघडं होतं. ठकीचा टॉवेल वाळत घालायला काकू मागे गेल्या होत्या आणि हात भरलेले म्हणून येताना कडी लावायची राहिली होती. काका उठले ते कसे उठले त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खिळ्यावरची शिट्टी हातात आली, ओठांत गेली, छाती हवेने भरली.

ठकी टबावर पालथी पडली होती. पाय जमिनीवर, पोट आणि छाती जाळीवर, एक हात कोपरापर्यंत भोकातून पाण्यात. ती हलत नव्हती.

मग ती खिदळली.

काकांनी शिट्टी वाजवली नाही. वाजवली असती तर पोर दचकली असती, हात ओढला असता, घाबरली असती, आणि पुन्हा कधी पाण्याजवळ गेली नसती. जन्मभर धोका दिसला की वाजवायची, याची सवय झालेला माणूस, त्याने भरलेला श्वास नाकातून हळूहळू सोडला. दोन पावलं पुढे जाऊन तो तिच्या मागे उभा राहिला, हात पुढे केला की पोचेल इतक्या अंतरावर.

मागून लेक धावत आली. तिचं तोंड उघडलेलं होतं, किंकाळी बाहेर पडायच्या बेतात होती. काकांनी न वळता तळहात वर केला. याच एका खुणेने त्यांनी अख्खा तलाव थांबवला होता कितीदा. लेकही थांबली.

"मासा गुदगुल्या कलतो," ठकी म्हणाली. तिने हात पाण्यात आपटला. पाणी उडालं, तिच्या डोळ्यांत, नाकात, केसांवर. आजोबा आणि आई किंकाळीची वाट बघत राहिले. ठकीने तोंड पुसलं आणि पुन्हा हात आपटला. शेजारच्या भोकातून लिली वर आली होती, पूर्ण उमललेली, पांढरी. तिच्यावरही पाणी उडालं.

लेक पायरीवर बसली.

"जगाच्या पोरांना तुम्ही पाण्यात उतरू दिलंत," ती शेवटी म्हणाली. "मला कधी काठावर पाय सोडून बसूही दिलं नाहीत. का, बाबा?"

काकांनी ठकीवरची नजर काढली नाही. उत्तर त्यांच्याकडे कधीचं तयार होतं, कुणी विचारलंच नव्हतं. "तू पाण्यात असतीस तर मला दुसरं कुणी दिसलं नसतं," ते म्हणाले. "तिथे सगळी कुणाची ना कुणाची पोरं. आणि मला डोळे दोनच. ते मी त्यांना देऊन बसलो होतो."

लेकीने मान खाली घातली. "मग तसं सांगायचंत ना. मला वाटायचं, पाणीच वाईट असतं."

"पाणी वाईट नसतं गं. मी घाबरट होतो." त्यांनी शिट्टी मुठीतल्या मुठीत फिरवली. "आता मला कुणाची डोकी मोजायची नाहीत. तलाव तिथेच आहे. सकाळी गर्दी नसते. येशील?"

"ठकीला घेऊन?"

"आधी तू एकटी. ठकी आजीपाशी राहील."

लेक उठली, टबाशी गेली आणि काकांनी इतक्या आग्रहाने दाखवलेली जाळी तिने आता दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. मग बाही वर सारून तिने ठकीच्या शेजारच्या भोकातून बोटं आत घातली. पाणी लागताच झटकन बाहेर काढली. पुन्हा घातली. मासे पळाले, थोड्या वेळाने परत आले.

"पाळणाघराकडे कधी जायचंय?" काकूंनी खिडकीतून विचारलं. आवाज अगदी सहज ठेवला होता, पण त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

"नाही जायचं," लेक पाण्यात बघत म्हणाली. "उद्यापासून ही इथेच."

आत मशीन चालू झालं. काकांनी शिट्टी खिळ्यावर लटकवली आणि परत येऊन सवयीने मोजलं. आकडा जुळला, तरी ते तिथून हलले नाहीत.